मध्येच शिक्षण थांबवावे लागले, तर वसतिगृहाचे पैसे, शुल्कमाफी आणि कर्ज यांचे काय होते?

जालना जिल्ह्यातील एका भावाने हा प्रश्न विचारला आहे. त्यांची अडचण आधी नीट मांडतो, म्हणजे पुढचे उत्तर इतरांनाही आपापल्या परिस्थितीशी ताडून पाहता येईल. त्यांची धाकटी बहीण छत्रपती संभाजीनगरच्या एका खासगी विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला आहे. प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून, इतर मागास प्रवर्गातून झालेला असल्यामुळे तिचे शिक्षण शुल्क महाडीबीटी या शिष्यवृत्ती-शुल्कमाफीच्या शासकीय संकेतस्थळावरून शासन भरते. वसतिगृहाचे वर्षभराचे भाडे आणि मेसचे पैसे मात्र शैक्षणिक कर्जातून जुलैमध्येच एकरकमी भरलेले आहेत. वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला, दवाखाना आणि शेत दोन्ही आईला एकटीला झेपेना, म्हणून दिवाळीला घरी आलेली बहीण परत गेलेली नाही. प्रवेश रद्द करावा असे आता घरात ठरत आले आहे. महाविद्यालयाचे कार्यालय तोंडी सांगते की वसतिगृहाचा एक रुपयाही परत मिळणार नाही आणि उरलेल्या दोन वर्षांचे शुल्क भरल्याशिवाय मूळ कागदपत्रे हाती पडणार नाहीत. वसतिगृहाचे पैसे मिळतील का, शासनाने भरलेले शुल्क परत करावे लागेल का आणि कर्जाचे काय होईल, एवढे त्यांना समजून घ्यायचे आहे.

मी मराठवाड्यातील महाविद्यालयीन कार्यालयांत आधी शिष्यवृत्तीच्या टेबलावर आणि पुढे वसतिगृहाचा अधीक्षक म्हणून काम केले आहे. मध्येच शिक्षण सोडणारी मुले-मुली दरवर्षी समोर येत. त्यांचे जे नुकसान होई, त्यातले बरेचसे शिक्षण सोडल्यामुळे होत नसे, कोणाला काही लिहून न देता घरी बसल्यामुळे होत असे. आपल्या बहिणीची आजची स्थिती नेमकी तीच आहे. घरच्यांच्या दृष्टीने तिने शिक्षण थांबवले आहे. कागदावर मात्र ती अजून महाविद्यालयाची विद्यार्थिनी आहे, वसतिगृहातील खाट तिच्या नावावर आहे, मेसच्या यादीत तिचे नाव आहे, महाडीबीटीवरचा तिचा अर्ज चालू आहे आणि बँकेच्या लेखी ती वर्गात बसून शिकत आहे. म्हणजे सोडायच्या गोष्टी चार-पाच आहेत, प्रत्येकीचा नियम वेगळा आहे, आणि त्या प्रत्येकीत आपल्या लेखी अर्जावरची तारीख पाहिली जाते. म्हणून पैशांचा विचार करण्याआधी ही तारीख कागदावर आणणे आवश्यक आहे.

त्याही आधीचा एक प्रश्न आहे आणि तो मी आग्रहाने विचारतो: प्रवेश खरोखर रद्दच करायचा आहे का? वसतिगृह सोडणे आणि महाविद्यालय सोडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. महाविद्यालय सोडले की वसतिगृह आपोआप सुटते, पण वसतिगृह सोडल्याने महाविद्यालय सुटत नाही. आपल्या पत्रावरून हिवाळी परीक्षा अजून व्हायची आहे असे दिसते. परीक्षेचा अर्ज भरलेला असेल आणि उपस्थिती अगदीच कमी नसेल, तर तिने वसतिगृह आजच सोडावे, पण तिसऱ्या सत्राची परीक्षा द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. जालन्याहून पेपरपुरते जाऊन येणे अवघड असले तरी अशक्य नाही. दोन-तीन विषय राहिले तरी चालतील, ते पुढे देता येतात. सत्र पूर्ण करून थांबलेल्या विद्यार्थिनीला पुढच्या किंवा त्याच्या पुढच्या वर्षी परत येणे सोपे जाते. सत्राच्या मध्यातून निघून गेलेल्या विद्यार्थिनीला मात्र तेच सत्र पहिल्यापासून, कधी कधी बदललेल्या अभ्यासक्रमासह करावे लागते. उपस्थिती कमी पडत असेल तर प्राचार्यांच्या नावे अर्ज करून वडिलांच्या दवाखान्याचे दाखल व डिस्चार्जचे कागद जोडावेत. सवलत द्यायची की नाही हे विद्यापीठाचे नियम आणि प्राचार्यांचा अधिकार यांवर अवलंबून आहे, पण अर्जच नसेल तर प्राचार्यांनाही काही करता येत नाही.

परीक्षा देणे खरोखरच शक्य नसेल, तरीही अर्जात 'प्रवेश रद्द करावा' असे लिहिण्यापूर्वी 'कौटुंबिक वैद्यकीय कारणामुळे या वर्षी शिक्षण खंडित करावे लागत आहे, पुढील वर्षी त्याच वर्गात पुनर्प्रवेश मिळावा' असा अर्ज चालतो का, हे विद्यार्थी विभागात विचारावे. प्रवेश रद्द करून परत यायचे म्हटले तर जागा, प्रवर्ग आणि शुल्कमाफीची पात्रता या सगळ्यांचे प्रश्न नव्याने उभे राहतात. नुसता खंड पडला असेल तर मूळ प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झाल्याची नोंद कायम राहते, आणि तिची शुल्कमाफी त्याच नोंदीवर उभी आहे.

आता वसतिगृहाकडे वळतो, कारण आपल्या घरातून गेलेला पैसा प्रामुख्याने तिथे आहे, आणि नियम सर्वांत धूसरही तिथेच आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेत शुल्क परताव्याचे टप्पे दिले आहेत: प्रवेशाच्या अंतिम तारखेच्या किमान १५ दिवस आधी प्रवेश रद्द केल्यास १०० टक्के, त्यानंतर पण अंतिम तारखेपूर्वी रद्द केल्यास ९० टक्के, अंतिम तारखेनंतर १५ दिवसांपर्यंत ८० टक्के, ३० दिवसांपर्यंत ५० टक्के आणि त्यापुढे काहीच नाही. हे टप्पे प्रवेशाच्या हंगामासाठी आहेत. दुसऱ्या वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये त्यांचा आधार घेऊन वसतिगृहाचे पैसे मागितले, तर कार्यालय शेवटच्या टप्प्यावर बोट ठेवील, आणि ते चुकीचेही ठरणार नाही. अखिल भारतीय तांत्रिक शिक्षण परिषदेच्या (एआयसीटीई) नियमांत वसतिगृहाच्या भाड्याचा स्पष्ट उल्लेख आहे, पण तोही वेगळ्या परिस्थितीसाठी आहे. प्रवेशाच्या अंतिम तारखेपर्यंत रिकामी झालेली जागा दुसऱ्या विद्यार्थ्याने भरली, तर आधीचा विद्यार्थी जेवढा काळ होता तेवढ्याचे शुल्क आणि भाडे प्रमाणात कापून बाकीचे परत द्यावे, असा तो नियम आहे. तो आपल्याला जसाच्या तसा लागू होत नाही, पण त्यातले तत्त्व आपल्या कामाचे आहे. खाट दुसऱ्याला दिली गेली, तर संस्थेचे नुकसान झालेले नसते, आणि मग एकाच खाटेचे दोघांकडून भाडे ठेवून घेण्याला आधार उरत नाही.

म्हणून वसतिगृहाचा अर्ज महाविद्यालयाच्या अर्जापासून वेगळा करावा, आणि त्यात तीन मागण्या स्वतंत्रपणे लिहाव्यात. पहिली मागणी अनामत रकमेची. वसतिगृहाची अनामत आणि महाविद्यालयाची अनामत बहुधा वेगवेगळ्या भरलेल्या असतात, पालक एक मागतात आणि दुसरी विसरतात. अनामत हे शुल्क नव्हे. नुकसानभरपाई किंवा थकबाकी वजा जाता ती पूर्ण परत मिळाली पाहिजे, आणि यात घासाघीस करण्याचे कारण नाही. दुसरी मागणी मेसची. मेसचा खर्च हा रोजच्या जेवणाचा खर्च आहे, त्यामुळे न जेवलेल्या महिन्यांचे पैसे परत मागणे पूर्णपणे रास्त आहे. बहुतेक ठिकाणी मेस कंत्राटदाराकडे असते आणि महिना सुरू झाला की त्या महिन्याचे बिल लागते, म्हणून अर्ज महिना उलटण्यापूर्वी पोहोचावा. तिसरी मागणी खोलीभाड्याची. इथे मी आपल्याला खोटी आशा दाखवणार नाही. प्रवेशाच्या वेळी सही केलेल्या नियमावलीत 'मध्येच वसतिगृह सोडल्यास भाडे परत मिळणार नाही' असे वाक्य असण्याची शक्यता मोठी आहे. तरीही मागणी लिहावी, आणि ती अशी लिहावी: खोली अमुक तारखेला रिकामी केली आहे, दुसऱ्या सत्रासाठी ही खाट अन्य विद्यार्थिनीला देण्यास आमची हरकत नाही, आणि तशी ती दिली गेल्यास त्या काळाचे भाडे परत मिळावे. दुसऱ्या सत्राच्या तोंडावर बाहेरच्या खोल्यांना कंटाळून वसतिगृहात यायला पाहणाऱ्या मुली असतातच. अधीक्षकाच्या हाती प्रतीक्षायादी असते. रिकामी खाट वेळेवर मिळाली तर ती भरते, आणि भरली तर व्यवस्थापनाकडे आपली टिपणी पाठवायला अधीक्षकालाही आधार मिळतो. जानेवारी उलटून गेल्यावर आलेल्या अर्जावर मी अशी अनुकूल टिपणी क्वचितच लिहू शकलो.

नियमावलीतील ते वाक्य म्हणजे शेवटचा शब्द आहे, असेही समजू नये. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ नुसार करार मोडल्याबद्दलची रक्कम करारात लिहिलेली असली, तरी मिळते ती वाजवी भरपाई, आणि लिहिलेली रक्कम ही तिची कमाल मर्यादा असते. या कलमाच्या बळावर न्यायालयात जाण्याचा सल्ला मी आपल्याला देत नाही, कारण वेळ आणि वकिलाची फी यांचा मेळ बसणार नाही. पण अर्जात शांतपणे हा मुद्दा मांडला, तर व्यवस्थापनाचा लेखापाल त्याकडे पाहतो, हा माझा अनुभव आहे. ग्राहक आयोगाचा मार्गही अनेक जण सुचवतात. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने जानेवारी २०२० मध्ये शिक्षणसंस्थांच्या शैक्षणिक व त्यांना जोडून असलेल्या कामांना ग्राहक कायद्याच्या बाहेर ठेवले आहे, त्यामुळे महाविद्यालयाच्या स्वतःच्या वसतिगृहाबाबत त्या मार्गावर भिस्त ठेवू नये. महाविद्यालयाशी संबंध नसलेल्या खासगी हॉस्टेलचा प्रश्न निराळा आहे. लातूरला किंवा संभाजीनगरला शिकवणीसाठी खोली घेतलेल्या मुलांच्या पालकांनी ग्राहक आयोगाचा विचार जरूर करावा, पावती आणि करार हाती असेल तर.

खोली रिकामी करण्याची रीतही महत्त्वाची आहे. कपाटात चार पुस्तके आणि गादी ठेवून आलेली मुलगी वसतिगृहाच्या लेखी अजून राहत असते. आईने किंवा घरातील एखाद्या बाईने तिच्याबरोबर जावे, कारण मुलींच्या वसतिगृहात भावाला खोलीपर्यंत सोडत नाहीत. सामान पूर्ण उचलावे, खोलीची व लॉकरची किल्ली अधीक्षिकेच्या हाती द्यावी, नोंदवहीत तारखेसह सही करावी आणि ना-देय दाखला (काही देणे बाकी नसल्याचा) तिथल्या तिथे मागावा. दिवाळीला ती निघाली त्या दिवसाची नोंद फाटकावरच्या वहीत असणार. त्या पानाचा मोबाईलवर फोटो काढता आला तर काढावा, कारण मेसच्या हिशेबात तीच तारीख उपयोगी पडते.

आता शासनाच्या पैशांविषयी. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास वर्गातील मुलींना, व्यावसायिक अभ्यासक्रमाला केंद्रीभूत प्रक्रियेतून प्रवेश घेतला असल्यास, शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत मिळते. हे पैसे आपण भरलेले नाहीत, त्यामुळे ते परत मागण्याचा प्रश्न येत नाही. ते परत करावे लागतील का, हा आपला खरा धसका आहे. मागच्या वर्षाचे, म्हणजे तिने पूर्ण केलेल्या प्रथम वर्षाचे पैसे कोणी मागणार नाही, त्याची चिंता सोडून द्यावी. चालू वर्षाचे उत्तर मात्र योजनेनुसार बदलते. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या नियमांत, वर्षाच्या मध्यात शिक्षण सोडल्यास शिष्यवृत्तीची रक्कम राज्य शासनाच्या विवेकानुसार परत मागता येते, अशी स्पष्ट तरतूद राहिलेली आहे. त्याच नियमांत दुसरी, दिलासा देणारी तरतूदही होती: आजारपणामुळे किंवा अकल्पित घटनेमुळे वार्षिक परीक्षेला बसता आले नाही, आणि परीक्षा दिली असती तर विद्यार्थी उत्तीर्ण झाला असता असे संस्थाप्रमुखाने प्रमाणित केले, तर पुढच्या वर्षी शिष्यवृत्तीचे नूतनीकरण होऊ शकते. दोन्ही तरतुदी एकत्र वाचल्या की नियम करणाऱ्यांचा दृष्टिकोन लक्षात येतो. न सांगता निघून जाणारा आणि संकटामुळे थांबलेला, यांच्यात ते फरक करतात, आणि तो फरक कागदांवरून ठरतो. आपल्या बहिणीची योजना वेगळ्या विभागाची असली, तरी वडिलांच्या आजाराची कागदपत्रे जोडलेला अर्ज तिच्या बाजूनेच बोलेल.

व्यवहारात पैसे परत मागण्याचे प्रसंग मी फार पाहिले नाहीत. त्रास दुसरीकडून येतो. शासनाचा चालू वर्षाचा हप्ता आलेला नसतो, विद्यार्थिनी प्रवेश रद्द करायला येते, आणि कार्यालय म्हणते की आता शासन देणार नाही, तेव्हा वर्षाचे शुल्क तुम्ही भरा. म्हणून अर्ज देण्याच्या आदल्या दिवशी महाडीबीटीवर लॉगिन करून अर्जाची स्थिती पाहावी: तो महाविद्यालयाच्या लिपिकाकडे आहे, प्राचार्यांनी पुढे पाठवला आहे, की विभागाकडून मंजूर झाला आहे. त्या पानाची छापील प्रत अर्ज क्रमांकासह जपून ठेवावी. ती हजर असलेल्या काळाचा अर्ज महाविद्यालयाने मागे पाठवू नये, अशी विनंती लेखी करावी. तिच्या आधार-संलग्न खात्याचे पासबुकही भरून घ्यावे, कारण काही योजनांत शुल्काची रक्कम विद्यार्थ्याच्या खात्यात येते आणि तिथून महाविद्यालयाला द्यायची असते. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर योजनेत केंद्राचा ६० टक्के वाटा असाच थेट खात्यात जमा होतो. घरात दवाखान्याचा खर्च चालू असताना खात्यात आलेली रक्कम वापरली जाणे स्वाभाविक आहे, पण ती शुल्काची असेल तर ती महाविद्यालयाची थकबाकी ठरते आणि ना-देय दाखला तिथेच अडतो.

उरलेल्या दोन वर्षांच्या शुल्काची मागणी मात्र निराधार आहे, आणि याबाबत मला कोणतीही शंका नाही. प्रवेश कधीही रद्द केला तरी पुढील वर्षांचे शुल्क मागू नये, असे तांत्रिक शिक्षण परिषदेचे स्पष्ट निर्देश आहेत. सर्वोच्च न्यायालयानेही २००३ च्या इस्लामिक अकॅडमी खटल्यात एका वेळी एका सत्राचे किंवा वर्षाचेच शुल्क आगाऊ घेता येते, असे सांगितले आहे. मूळ कागदपत्रांबाबतही तसेच: ती पडताळून परत द्यायची असतात, अडवून ठेवता येत नाहीत. गुणपत्रिका, जात प्रमाणपत्र, जात वैधता, नॉन-क्रीमीलेअर, अधिवास अशी यादी करून प्रत्येकाची पोच मागावी. जुना शाळा सोडल्याचा दाखला महाविद्यालयाकडे जमा असतो आणि जाताना महाविद्यालय स्वतःचा दाखला देते, हे लक्षात घ्यावे. खंडाचा अर्ज करायचे ठरले तर हा दाखला आत्ता मागूच नये. तो घेतला की प्रवेश संपला असे समजतात.

बँकेला आधी सांगावे की नंतर, असे बरेच पालक विचारतात. आधी सांगावे. कर्जाची परतफेड सामान्यतः अभ्यासक्रम संपल्यानंतर एक वर्षाने सुरू होते. शिक्षण सोडल्याचे बँकेला उशिरा, आणि तेही महाविद्यालयाकडून कळले, तर हप्ते लगेच मागितले जाऊ शकतात. भारतीय बँक संघाच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत अभ्यासक्रम वेळेत पूर्ण न झाल्यास दोन वर्षांपर्यंत मुदतवाढ देण्याची सोय आहे, आणि विद्यार्थ्याच्या हाताबाहेरच्या कारणांसाठी मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्याला त्याहून अधिक मुदतीचाही विचार करता येतो. प्रवेश रद्द न करता खंडाचा अर्ज करा, असे मी वर म्हणालो, त्याचे हे आणखी एक कारण आहे: 'शिक्षण लांबले' म्हणणाऱ्याला ही मुदतवाढ मागता येते, 'शिक्षण सोडले' म्हणणाऱ्याला ती मागणे कठीण जाते. व्याजाच्या अनुदानाचेही पाहावे. साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांसाठीच्या केंद्राच्या योजनेत मध्येच शिक्षण सोडणाऱ्याचे व्याज अनुदान बंद होते. अपवाद वैद्यकीय कारणाचा आहे, तोही संस्थाप्रमुखाचे समाधान होईल अशी कागदपत्रे दिल्यास. वडिलांचे आजारपण त्या अपवादात बसेल की तो विद्यार्थ्याच्या स्वतःच्या आजारापुरताच धरला जाईल, हे शाखाधिकारी आणि प्राचार्य यांच्या अर्थ लावण्यावर राहील, म्हणून दवाखान्याचे कागद बँकेलाही द्यावेत. पुढचा हप्ता महाविद्यालयाला पाठवू नये, असे त्याच पत्रात लिहावे. वसतिगृहाकडून काही रक्कम परत आली तर ती कर्जखात्यात जमा होईल, हातात रोख मिळणार नाही. त्याने मुद्दल तेवढे कमी होते, एवढा त्याचा उपयोग.

हे सर्व अर्ज एकाच दिवशी, आवक क्रमांक आणि शिक्का घेऊन द्यावेत: वसतिगृहाचा अधीक्षिकेला, खंडाचा किंवा रद्दचा प्राचार्यांना, आणि दोन्हींची प्रत जोडून बँकेचा. टेबलावरचा माणूस अर्ज घ्यायला तयार नसेल तर वाद न घालता स्पीड पोस्टाने पाठवावा. पंधरा दिवसांत काही हालचाल झाली नाही तर महाविद्यालयाच्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे जावे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या एप्रिल २०२३ च्या विनियमांनुसार ही समिती प्रत्येक संस्थेत असलीच पाहिजे, तिने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो, आणि त्याने समाधान झाले नाही तर १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील करता येते. शुल्क परत न देणे आणि कागदपत्रे अडवणे या दोन्ही तक्रारी त्या विनियमांत येतात. इथे एक गोष्ट तपासून घ्यावी. मराठवाड्यातील बरीच अभियांत्रिकी महाविद्यालये संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाशी नव्हे, तर रायगड जिल्ह्यातील लोणेरे येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाशी संलग्न आहेत. नावांतील साधर्म्यामुळे तक्रारी चुकीच्या विद्यापीठात जातात आणि महिना वाया जातो. बहिणीच्या प्रथम वर्षाच्या गुणपत्रिकेवर कोणत्या विद्यापीठाचे नाव आहे ते पाहूनच अपील करावे.

हेच उत्तर वाचणाऱ्या इतर पालकांसाठी दोन शब्द. समाजकल्याणच्या शासकीय वसतिगृहात राहणाऱ्याला परत मागण्यासारखे पैसे नसतात, पण त्याने जागा गमावू नये म्हणून रजेचा अर्ज गृहपालांकडे द्यावा. न कळवता गैरहजर राहिले की प्रवेश रद्द होतो आणि प्रतीक्षायादीतल्या मुलाला तो मिळतो. स्वाधार योजनेचा लाभ घेणाऱ्याने शिक्षण थांबवल्याचे लगेच कळवावे. संभाजीनगरसारख्या विभागीय शहरात या योजनेची रक्कम वर्षाला ५१,००० रुपये आहे आणि ती भोजन, निवास व निर्वाहासाठी आहे. न शिकलेल्या काळाची ती घेतली तर वसुली निघू शकते आणि पुढच्या वर्षीचा अर्जही अडतो. बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.च्या मुलांना नव्या शैक्षणिक धोरणात एक वर्ष पूर्ण केल्यावर, ठरावीक क्रेडिट (श्रेयांक) आणि चार क्रेडिटचा जादा कौशल्य अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप केल्यास, प्रमाणपत्र घेऊन थांबता येते आणि तीन वर्षांच्या आत परत येता येते. त्यामुळे वर्ष संपायला दोन-तीन महिनेच राहिले असतील तर ते पूर्ण करून थांबणे केव्हाही हिताचे.

शेवटी, बहीण पुढच्या जुलैत परत जाईल असे धरून काही कागद आत्ताच जमवून ठेवावेत. महाडीबीटीवर पुन्हा अर्ज करताना खंडाचे कारण विचारतात आणि त्यासाठी खंड प्रतिज्ञापत्र लागते. त्यातली तारीख आजच्या अर्जावरील तारखेशी जुळली पाहिजे. खुल्या प्रवर्गासाठी असलेल्या राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्तीत अभ्यासक्रमादरम्यान दोन किंवा अधिक वर्षांचा खंड चालत नाही. आपल्या बहिणीच्या योजनेचा विभाग वेगळा असला, तरी खंड एका वर्षाच्या पुढे जाऊ न देणे हेच सुरक्षित आहे. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रीमीलेअर यांची मुदत पाहून मे महिन्यातच नवे अर्ज द्यावेत, कारण जूनमध्ये सेतू केंद्रावर गर्दी उसळते. प्रथम वर्षाचे क्रेडिट तिच्या शैक्षणिक क्रेडिट बँकेच्या खात्यात जमा दिसतात का, हे डिजिलॉकरवर पाहून घ्यावे. ते सात वर्षांपर्यंत ग्राह्य राहतात. दिसत नसतील तर महाविद्यालयाच्या परीक्षा विभागाला त्याच आठवड्यात कळवावे, कारण ती नोंद त्यांनाच करता येते आणि विद्यार्थिनी अजून त्यांच्या पटावर असताना ते काम लवकर होते.